पिवळ्या बागेतली जांभळी बुटी

त्या शनिवारी शुभदाला जो राग आला, तो तिच्या मते शंभर टक्के न्यायाचा होता. शुभदाचे राग नेहमीच न्यायाचे असत, हे आयर्लंडमधल्या नास गावातल्या सगळ्या मराठी घरांना पाठ होतं. कुणाच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू कोण घेऊन गेलं, कुणाच्या सासूला विमानतळावर आणायला कोण पहाटे गेलं, आणि त्या बदल्यात साधी कोथिंबिरीची जुडी तरी कुणी आणून दिली का, हे तिच्या डोक्यात तारीखवार मांडलेलं असे. यावेळी मांडणी साधी होती: चार दिवसांची मेहनत तिची, आणि पाणउतारा झाला तोही तिचाच.

झालं होतं असं. पंजाबच्या लोककला आणि हस्तकला बघायला एक आंतरराष्ट्रीय अभ्यासदौरा मार्च २०२० मध्ये निघणार होता. आयर्लंडहून नऊजणी जाणार होत्या. शुभदाची बॅगसुद्धा भरून झाली होती, आणि विमानंच बंद झाली. वर्षभर वाट बघून आयोजकांनी फेब्रुवारीत तोच दौरा ऑनलाइन काढला. सहा शनिवार, सकाळी दोन तास. पतियाळाजवळचं गाव, तिथली अंगणं, खाटेवर बसून फुलकारीचं भरतकाम करणाऱ्या बायका, सगळं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, लॅपटॉपमध्ये. शुभदाची हजेरी सहाही शनिवारी लागली. तिसऱ्या शनिवारी मात्र तिचा कॅमेरा बंद होता आणि मिक्सर चालू. घरात इडल्या होत्या, चटणी कोण वाटणार?

शेवटच्या शनिवारी प्रत्येक देशाच्या गटाने एक जुनी वस्तू दाखवायची होती. आयर्लंडच्या गटात खरी पंजाबी एकटी सतनाम कौर. पन्नाशीची, नर्सिंग होममध्ये वृद्धांची देखभाल करणारी, दोघींबरोबर घर वाटून राहणारी. तिच्याकडे आईच्या हातचा ‘बाग’ होता. बाग म्हणजे इतकी दाट फुलकारी, की खालचं कापड दिसतच नाही, नुसतं रेशीम. तिच्या खोलीत तो टांगायला भिंत नव्हती. शुभदाच्या बैठकीत चांगली बारा फुटी होती. शिवाय नवऱ्याने, अभिजितने, ऑफिसच्या मीटिंगांसाठी आणलेला भारी कॅमेरा. सोमवारी सतनाम मास्क लावून दारात आली आणि पिशवी पायरीवर ठेवून मागे सरली.

“माँ के हाथ का है, दीदी. बस टाँग देना.”

शुभदाने तो उलगडला. सगळा सोनेरी पिवळा. चौकटीला चौकट भिडलेली, एक धागा इकडचा तिकडे नाही. आणि खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढी एक चौकट जांभळी. तीही वाकडी, टाके लहानमोठे, जणू कुणी डोळे मिटून भरली होती.

ज्या बाईला पुण्यात भरतकामाच्या स्पर्धेत लागोपाठ चार वर्षं पहिलं बक्षीस मिळालं, तिने हे सहन करायचं? जगभरच्या बायका बघणार, आणि भिंत हिची.

तिने जांभळा धागा टाक्याटाक्याने उसवला. पिवळं रेशीम तिच्या डब्यात होतं, पण नवं, भडक. ते तिने कोऱ्या चहात बुडवून जुनं केलं. फुलकारी कापडाच्या उलट्या बाजूने, छाप न उमटवता, सूत मोजून काढतात, हे दुसऱ्या शनिवारी तिने नीट टिपून घेतलं होतं. तसंच केलं. चार दिवस पाठ मोडून.

“तिला विचारलंस?” अभिजित म्हणाला.

“चूक दुरुस्त करायला विचारायचं काय? तू प्रोग्रॅममधला बग काढताना विचारतोस?”

“विचारतो. कधीकधी तो बग नसतो, कुणीतरी मुद्दाम ठेवलेलं असतं.”

“तुमच्या ऑफिसात ठेवत असतील.”

शनिवारी बाग भिंतीवर झळकला. पडद्यावर पंचवीस चौकोन, त्यात एका चौकोनात पतियाळाकडच्या गावातली सत्तरीची ग्यान कौर, दौऱ्याची मुख्य शिक्षिका. तिने चष्मा वर-खाली करून बाग न्याहाळला आणि पंजाबीत काही विचारलं. भाषांतर करणारी मुलगी म्हणाली, नजरबुटी कुठे आहे, असं बीबी विचारताहेत. एवढ्या मोठ्या बागेत दृष्ट लागू नये म्हणून एक बुटी वेगळ्या रंगाची ठेवतात ना, तिसऱ्या शनिवारी आपण बघितली, ती.

शुभदाने पहिलं अर्धं वाक्यच ऐकलं होतं, कारण उत्तर तयार होतं. तिने इंग्रजीत, हसून, सगळ्यांना सांगितलं की कोपऱ्यात एक चूक होती, ती तिने काढून टाकली. उलट्या बाजूने, चहात बुडवलेल्या रेशमाने, अगदी त्याच टाक्याने, कुणाला ओळखू येणार नाही.

ग्लासगोच्या बाईने तोंडावर हात ठेवला. भाषांतर करणारीने भाषांतर केलं नाही. सतनाम आपल्या चौकोनात पडद्याच्या इतकी जवळ आली की नुसतं कपाळ दिसत होतं. मग तिचा चौकोन काळा झाला.

म्हणून राग. तिसऱ्या शनिवारचं तिसऱ्या शनिवारी सांगून मोकळे होतात, लेखी का पाठवत नाहीत? सतनामला सोमवारी तोंड नव्हतं? ‘बस टाँग देना’ म्हणे. शुभदाने भांडी अशी घासली की अभिजित कॉल वरच्या खोलीत घेऊन गेला.

दुपारी सतनाम आली. कामाचा निळा अंगरखा, त्यावर कोट. दोन मीटर लांब, फाटकापाशीच उभी राहिली.

“किसने कहा था?”

“सतनामजी, मुझे लगा गलती है. मैंने चार दिन बैठके...”

“किसकी गलती?”

सतनामचा आवाज चढला नाही, त्यामुळे तो जास्त लागला. आईने ती बुटी सगळ्यात शेवटी काढली, मोतीबिंदू झाल्यावर, ती म्हणाली. टाका वाकडा आहे हे मला ठाऊक नाही का? बाकीचा बाग तिने आणि मावश्यांनी मिळून काढला. तेवढी बुटी एकट्या तिची. गेल्या मेमध्ये तिला मी फोनच्या पडद्यावर प्राण सोडताना बघितलं, चार इंचात. रोज ड्युटीवरून आल्यावर मी तिथे हात ठेवायची. तू तिथे चहा लावलास?

“मैं फिर से काढ़ दूँगी. जांभळा... बैंगनी धागा है मेरे पास.”

“तुम काढ़ोगी तो सीधा आएगा.”

शुभदाने आतून बाग आणला, घडी घालून, पायरीवर ठेवला आणि मागे सरली. सतनामने पिशवी उचलली, कोपरा शोधला, बोटाने चाचपला आणि लगेच बोट काढून घेतलं.

“वो धागा कहाँ है? जो निकाला?”

“वो तो... सफाई में.”

सतनामने पिशवी कोटाखाली घेतली. मग ड्युटीची वेळ झाली म्हणून निघून गेली.

जिन्यावर बसलेली लेक स्वरांगी, वय वर्षं बारा, म्हणाली, “मम, यू नेव्हर आस्क्ड हर.”

“मराठीत बोल,” शुभदा खेकसली. पण मराठीत ऐकायचीही तिची तयारी नव्हती.

तिने व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी काढली, मागच्या अंगणात वर्तमानपत्र पसरलं आणि पिशवी फाडली. केस, कुरमुरे, पेन्सिलीचं साल, करडी धूळ. भुवयांचा चिमटा घेऊन ती थंडीत उकिडवी बसली. शेजारची मॉरीन, जिला ‘शुभदा’ म्हणता येत नसे, कुंपणावरून डोकावली, “ऑल ग्रँड, शूबा?” शुभदाने मान वर केली नाही. पहिला जांभळा धागा मिळायला पंचवीस मिनिटं लागली. अंधार पडायला लागेपर्यंत नऊ धागे झाले. वाकडे, आखूड, अजून टाक्याचा बाक धरून बसलेले.

“धुऊन घे गं, धुळीत होते,” अभिजित दारातून म्हणाला.

तिचा हात नळाकडे गेलाही होता. तो तिने मागे घेतला.

“नको. तिला विचारते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कालव्याच्या काठाने चालत गेली. पांढऱ्या कागदाची पुडी सतनामच्या पायरीवर ठेवली, बेल वाजवली, मागे सरली. सतनाम रात्रपाळीच्या डोळ्यांनी बाहेर आली.

“नौ मिले. बाकी नहीं मिले. धूल है. धोए नहीं, तुमसे पूछे बिना.”

सतनामने पुडी उघडली, मिटली.

“ऐसे ही रहने दो,” ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. चहा नाही, बसा नाही, ठीक है नाही.

परतताना शुभदाने आयोजकांवर राग धरून पाहिला, सतनामच्या बंद दारावर पाहिला, ‘विचारलंस’ म्हणणाऱ्या अभिजितवर तर दोनदा. कालव्याच्या पुलापर्यंत एकही टिकला नाही. तिथे ती थांबली, हात खिशात घालून, आणि बराच वेळ घरी गेली नाही.