चिरेखाणीची पाहणी

सव्वीस वर्षं पर्यटकांना आरे-वारेच्या समुद्रकिनाऱ्यावर नेऊन आणणारा मिरकरवाड्याचा अस्लम सोलकर रस्त्यांच्या परीक्षेत अर्ध्या गुणाने नापास झाला. भाड्याची गाडी चालवायची तर बिल्ला हवा आणि बिल्ल्यासाठी ही परीक्षा, असा नवा नियम निघाला होता. आरे-वारेला जाणारा सर्वांत जवळचा रस्ता कोणता, या प्रश्नाला छापील उत्तर होतं सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या पठारावरचा रस्ता. अस्लमने लिहिलं, ‘तो रस्ता आता नाही. तिथे चिरेखाण आहे.’ भोपळा मिळाला, कारण नकाशात रस्ता होता.

नम्रता साळवी वकिलांनी अपील केलं. त्यांच्या मनात नियमालाच आव्हान द्यायचं होतं. अस्लमचं म्हणणं एवढंच होतं, की कुणीतरी येऊन ती खाण बघावी. अपील अधिकारी मॅडम शांत स्वभावाच्या. दोन तारखा त्यांनी ऐकून घेतलं आणि जागेवर पाहणीचा हुकूम काढला.

गाडी अस्लमचीच ठरली, पण बिल्ला नसल्याने ती त्याला चालवता येईना. म्हणून परीक्षेत पहिला आलेला सावर्ड्याचा संदेश चालक नेमला गेला. नकाशा त्याला तोंडपाठ होता. सड्यावर मात्र तो पहिल्यांदाच येत होता. शिवाय पाहणी चालू असताना पक्षकाराने बोलायचं नाही, असं हुकमात होतं. मॅडम पुढे बसल्या आणि अस्लम आपल्याच गाडीत मागच्या सीटवर नम्रताबाईंशेजारी गप्प बसला.

डांबर संपलं, कातळ लागला. संदेश नकाशाप्रमाणे सरळ जात राहिला. अस्लमने नम्रताबाईंना कोपराने ढोसलं. त्यांनी मांडीवरच घाईघाईने अर्ज लिहिला: अपीलकर्त्यास बोलण्याची परवानगी मिळावी. मॅडमनी तो दोनदा वाचला, तारीख घालायला सांगितली, मग सही केली.

“ब्रेक मार,” अस्लम म्हणाला.

गाडी थांबली तेव्हा खाणीचा काठ पुढच्या चाकांपासून हातभर लांब होता. खाली चिरे कापणारे कामगार माना वर करून बघत होते.

संदेशने हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंग सोडून दिलं. त्याला गाडी मागे घेता येईना. अस्लमने काढावी तर बिल्ल्याशिवाय प्रवासी बसवून तो चालवणार कसा? मॅडमनी नियमांचं पुस्तक चाळलं.

“रिकामी गाडी तुम्ही चालवू शकता,” त्या म्हणाल्या.

तिघंही उतरली. अस्लमने गाडी अलगद मागे घेतली, वळवली आणि डांबरापर्यंत चालण्याच्या वेगाने नेली. मागून उन्हात अधिकारी, वकील आणि पहिला आलेला चालक चालत येत होते. आरशात त्यांना बघून अस्लमला इतका संकोच वाटला, की त्याने एसी बंद केला.

पंधरा दिवसांनी निकाल आला. रस्ता नकाशावर आहे आणि खाण जागेवर आहे, या दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्या आहेत, असं त्यात म्हटलं होतं. सबब त्या प्रश्नाचा एक गुण दोघांत वाटला: अर्धा नकाशाला, अर्धा अस्लमला. अस्लम पास झाला.

नम्रताबाईंना हे पटलं नाही. हायकोर्टात जाऊ, नकाशाचा अर्धा गुण काढून घेऊ, म्हणाल्या. अस्लमने सांगितलं, राहू दे त्याच्याकडे. घरी त्याच्या बायकोने, मैमुनाने, बिल्ला उलटसुलट पाहिला आणि फोटो वाईट आलाय म्हणाली.

पुढच्या रविवारी संदेश एसटीने आला. रस्ते दाखवाल का, असं त्याने दारातूनच विचारलं. अस्लमने त्याला चहा दिला आणि गाडीत पुढे बसवलं.