दाराबाहेरचा ब्रेक ड्रम

मित्रांनो, काळेवाडीत पिठाच्या गिरणीशेजारच्या बोळात एक छोटं चर्च आहे. वर पत्र्याचं छप्पर, आत वीस-बावीस खुर्च्या. त्याच्या दाराबाहेर लोखंडी अँगलला साखळीने टांगलेला मी तुम्हाला दिसेन. लोक मला घंटा म्हणतात. मी त्यांना दुरुस्त करत नाही, पण खरं तर मी एका टेम्पोचा ब्रेक ड्रम आहे. म्हणजे, होणार होतो.

माझा जन्म चाकणजवळच्या एका कारखान्यात झाला. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात ओतलं, गार झाल्यावर मला लेथवर चढवून आतून-बाहेरून गुळगुळीत केलं. मी स्वतःवर भलताच खूश होतो. सोबतच्या ड्रमांशी माझ्या गप्पा चालल्या होत्या, कोण कोणता घाट उतरणार याच्या. तेवढ्यात आम्ही तपासणीच्या टेबलावर आलो. तिथे ज्योतीराम बसला होता. त्याने मला हातात फिरवलं आणि एका जागी त्याचं बोट थांबलं. माझ्या आतल्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढं छिद्र होतं. ओतताना हवा अडकली, त्यात माझा काय दोष? ज्योतीरामने ब्रश उचलला आणि माझ्या पोटावर लाल फुली मारली. माझे सोबती ट्रकमध्ये चढले आणि मी नापास मालाच्या पिंजऱ्यात पडलो.

त्याचं चुकलं नव्हतं, हे आज मला कळतं. ब्रेक दगा देतो तेव्हा माणूस जातो. पण तेव्हा मी त्याच्यावर जाम चिडलो होतो.

पिंजऱ्यातला माल पुन्हा भट्टीत जातो. मी त्यातून वाचलो, तेही ज्योतीराममुळेच. त्याच्या चर्चला घंटा नव्हती. त्याने साहेबांची परवानगी काढली, गेटपास केला आणि मला गोणीत घालून मोटारसायकलवरून इथे आणलं.

मला वाजवायचं काम सुमनताईंकडे आहे. सत्तरीच्या, नगरकडच्या. झाडलोटही त्याच करतात. रविवारी सकाळी नऊला एका जुन्या पान्याने त्या मला पाच टोले देतात. मग सगळे आत जातात, दार लोटलं जातं आणि गाणी सुरू होतात. उरलेला आठवडा मी असतो आणि गिरणीची घरघर असते. अंगावर पीठ बसत राहतं. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला सहा वर्षांत झाली नाही.

एक सोबत मात्र होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी आत प्रभुभोजन असतं. भाकर आणि द्राक्षरस देण्याआधी पाळकसाहेब सांगतात, प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी. एवढं ऐकलं की ज्योतीराम गुपचूप उठायचा आणि बाहेर माझ्याजवळ येऊन उभा राहायचा. आतलं सगळं आटपेपर्यंत त्याचा हात माझ्या पाठीवर असायचा. का येतो, ते मी विचारू शकत नव्हतो. मी महिनाभर त्या हाताची वाट बघायचो, एवढंच.

मागच्या नाताळाआधीची गोष्ट. शनिवारी संध्याकाळी सुमनताई चंदेरी रंगाचा डबा घेऊन मला रंगवायला बसल्या. ज्योतीराम दारावर कागदी तारा बांधत होता. तो स्टुलावरून घाईने उतरला.

"ताई, त्या फुलीवर रंग नका देऊ. रिजेक्ट मालावरची फुली पुसायची नसते. नियम आहे."

"कुणी मारली व्हती?"

"मीच."

"आन् तुझ्यावर कुनी मारली? दर पयल्या रविवारी भाईर हुबा ऱ्हातोस त्यो?"

ज्योतीराम खाली पायरीवर बसला आणि सात वर्षांत कुणाला न सांगितलेलं त्याने सांगितलं. जालन्याकडे गावी त्याची आई आजारी होती. सकाळी फोन आला, तेव्हा "शिफ्ट संपली की निघतो" म्हणाला. शिफ्ट संपली आणि तो ओव्हरटाइमला थांबला. फोन लॉकरमध्ये होता. संध्याकाळी उघडून बघतो तर आई गेली होती.

"रोज माल तपासतो मी, ताई. पास कुठला आणि नापास कुठला, मला कळतं. मी प्रभुभोजनाच्या मेजापाशी जायच्या लायकीचा नाही."

सुमनताईंनी ब्रश डब्यात ठेवला. "कंपनीत सोताचं काम सोताच तपासतात व्हय रे?"

"नाही. ज्याने बनवलं त्याने पास-नापास करायचं नसतं. तपासणारा वेगळा असतो."

"मंग हितं तूच कसा तपासनीस झालास? पाळकसाहेब परीक्षा कर म्हनत्यात. निकाल लाव न्हाई म्हनत. निकाल लावनाऱ्या प्रभूनं तर तुझ्यापुढं भाकर मोडून ठिवलीया."

"आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती म्हणे, ताई."

"बघत आसंल. लेकरू यावं म्हनून बघत व्हती. नापास कराया न्हाई."

ज्योतीराम तोंड झाकून रडला. सुमनताईंनी त्याला रडू दिलं आणि फुलीवर रंगाचा हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी पहिला रविवार होता. आत पाळकसाहेबांचे ते नेहमीचे शब्द झाले आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो आवाज मी ओळखतो. मित्रांनो, सांगायला लाज वाटते, पण त्याने बाहेर यावं असंच मला वाटत होतं. महिनाभर थांबलो होतो मी. पावलं वाजली, थोडी थबकली. मग दाराकडे न येता पुढे, मेजाकडे गेली.

त्या दिवसापासून पहिल्या रविवारीही मी एकटाच असतो. उन्हात ती फुली अजून चंदेरी रंगाखालून लालसर दिसते. ज्योतीराम येताना तिच्यावरून हात फिरवतो आणि थेट आत जातो. मग मला त्याचं "आमेन" ऐकू येतं. सगळ्यांच्या मागून येणारं, थोडं बेसूर. मला वाईट वाटतं आणि बरंही वाटतं.

तुमच्या दाराबाहेर कुणी असं स्वतःला नापास करून उभं असेल, तर त्याला आत न्या. मला सोबत हवी म्हणून त्याला बाहेर ठेवू नका. आणि कधी या बोळातून गेलात, तर माझ्या अंगावरचं पीठ तेवढं झटका.