भुरी आत आहे

पहिल्या भेटीतच त्या बाईंनी माझं ओळखपत्र खिडकीपाशी नेऊन उजेडात धरून पाहिलं, खोटी नोट तपासतात तसं. मग माझ्याकडे पाहिलं, मग परत ओळखपत्राकडे. मी तिथल्या तिथे मनात त्यांचं नाव जेलरबाई ठेवलं.

लोक गावाला गेले की त्यांच्या घरी जाऊन मांजरं-कुत्री सांभाळायची, हे माझं काम. नवंच धरलेलं, हे माझं पहिलं घर. जेलरबाईंच्या बहिणीचं दुसऱ्या गावी ऑपरेशन होतं, त्यामुळे त्यांना जाणं भाग होतं. "नाहीतर तुझ्यासारखीला मी जिन्यातसुद्धा उभं केलं नसतं," असं त्यांनी पाणीही न विचारता सांगून टाकलं.

"काकू, तुम्ही निर्धास्त जा," मी म्हटलं.

"मी तुझी काकू नाही."

"बरं. मॅडम, निर्धास्त जा."

"मागच्या वेळी गेले होते निर्धास्त. तेव्हा भुरीसाठी ठेवलेली पोरगी माझ्या पलंगावर लोळली. माझ्या आईच्या गोधडीत गुरफटून स्वतःचा फोटो काढला आणि जगभर फिरवला. माझी आई त्या गोधडीत गेली. कळतंय का?"

कळत होतं. माझ्या आईच्या वस्तूशी कुणी असं वागलं असतं तर मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. पण ती पोरगी मी नव्हते ना! तिच्या कर्माचं खापर माझ्या डोक्यावर का?

बाईंनी मला झोपायच्या खोलीचं दार दाखवलं. दाराला बाहेरून नवीकोरी कडी, नवा कोयंडा आणि मुठीएवढं कुलूप लटकत होतं. "हे मी लावून जाणार, किल्ली माझ्याजवळ राहणार. या दाराला हात लावलेला मला चालणार नाही." दारासमोरच्या फळीवर एक कॅमेरा बसवला होता. त्यातून बाईंना फोनवर दिसायचं, ऐकू यायचं आणि, माझं नशीब, बोलताही यायचं.

ज्या मांजरीसाठी हे सगळं, ती भुरी काही दिसली नाही. ती परक्यांसमोर येत नाही म्हणे. निघायच्या दिवशी बाईंनी बाहेरच्या दाराची किल्ली मला जिन्यातच दिली. खाली गाडी हॉर्न देत होती.

"भुरी कुठाय?" मी विचारलं.

"घरात. असेल कुठेतरी. पहिले एक-दोन दिवस दिसायची नाही, शोधत बसू नकोस, कपाटाखाली हात घालू नकोस. जेवण ठेव, पेटीतली वाळू साफ कर आणि चालती हो."

मी तेच केलं. संध्याकाळी गेले तर वाटी भरलेली. लाजत असेल, म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तरी वाटी भरलेलीच, वरून पापुद्रा धरलेला. पाणी तसंच. वाळूत एक ओरखडा नाही. मांजर कितीही लाजरी असली तरी इतकी लाजत नाही. मी सोफ्याखाली पाहिलं, ओट्याखाली पाहिलं, धुण्याच्या यंत्रामागे हात घातला.

"काय शोधतेस?" फळीवरून आकाशवाणी झाली.

"भुरी. तिने काही खाल्लेलं नाही."

"तुझ्या हातचं नको असेल."

तेवढ्यात मला ऐकू आलं. कुलपाच्या दारामागे, खाली, जमिनीलगत कोणीतरी लाकूड खरवडत होतं. अगदी हळू. मी दाराशी जाऊन "भुरे, भुरे" म्हटलं तर आवाज बंद.

"दारापासून लांब हो!"

"मॅडम, भुरी आत आहे. तुम्ही बॅग भरत होता तेव्हा आत गेली असेल. तुम्ही कुलूप लावलंत, ती आत राहिली."

"मी माझ्या मांजरीला कोंडून जाईन? चौदा वर्षं सांभाळलीय तिला. तू दार उघडं टाकलंस, ती बाहेर गेली, आणि आता माझ्या खोलीत शिरायला निमित्त शोधतेस. मला काही ऐकू येत नाही."

"कॅमेऱ्याला ऐकू येत नसेल, मला येतंय. खिडक्या बंद आहेत का आतल्या?"

"आहेत. तुझ्यासाठीच बंद केल्यात."

"म्हणजे आत पाणी नाही, हवा नाही. कुलूप तोडू का?"

"तोडून तर बघ. पोलीस बोलावते. भावाला पाठवते आहे मी, तो येईपर्यंत कुलपाला शिवू नकोस."

मी जमिनीवर बसले आणि मला रडू यायला लागलं, तेही रागाने. दाराआड एक म्हातारा जीव तहानेने मरत होता, आणि त्याच्या मालकिणीला तिच्या खोलीची काळजी पडली होती. मांजर मेली तर तीही माझ्याच नावावर जाणार होती. मग कोण देणार मला किल्ली?

बाईंचा धाकटा भाऊ छापखान्यातून तसाच आला, बोटांना शाई लागलेली. माणूस वाईट नव्हता, पण बहिणीपुढे त्याची भिजलेली मांजर व्हायची. त्याने दाराला कान लावला. मी हाक मारली, त्याने हाक मारली. आत शुकशुकाट.

"काही नाही, ताई," तो कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला.

"मग! मी काय म्हणत होते? खोटारडी आहे ती. तिच्या पिशवीत बघ काय काय भरलंय. पहिल्या दिवशीच तिच्या डोळ्यांत दिसत होतं मला..."

आणि खरवडणं सुरू झालं.

बाई थांबल्या, ते थांबलं. आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडला. भुरी आमच्या आवाजाला घाबरून दडून बसत होती. बाईंचा आवाज आला की दाराशी येत होती. सकाळीही तसंच झालं होतं. बाई माझ्यावर तोंड टाकत होत्या तेव्हाच मला ऐकू आलं होतं. म्हणजे बाईंना बोलतं ठेवायला हवं होतं, आणि त्यांना गोड बोलता येत असेल असं मला तरी दिसत नव्हतं.

"कान काढू नका दारावरून," मी भावाला म्हटलं. मग कमरेवर हात ठेवून कॅमेऱ्यासमोर उभी राहिले. "पिशवीत काय असणार? तुमच्या घरात चोरण्यासारखं आहे काय? पडदे विटलेत, सोफ्याच्या स्प्रिंगा टोचतात. फुकट दिलं तरी न्यायची नाही मी."

"काय म्हणालीस?"

"आणि त्या मांजरीला चौदा वर्षं तुमच्याजवळ राहावं लागलं, हीच तिला मोठी शिक्षा."

मग जे सुटलं ते सुटलंच. निर्लज्ज, भामटी, रस्त्यावरची, माझ्या आईबापांनी मला काय शिकवलं इथपर्यंत बाई पोचल्या. एरवी मी एकही शब्द ऐकून घेतला नसता. पण त्यांचा आवाज चढत गेला तसं आत नखांचं खरखरणं वाढत गेलं आणि भावाचा चेहरा पडत गेला.

"ताई," तो म्हणाला, "आत आहे गं. खरंच आहे."

"तूही तिच्या बाजूने झालास?"

"बाजू कसली! तू बोललीस की ती दार खरवडते. थांबू नको, बोल."

"काय बोलू?"

"काहीही. हिला शिव्या दे अजून."

फळीवरून मग एक वेगळाच आवाज आला, लहान मुलीला उठवावं तसा. "भुरे? भुरूबाळा?"

आतून भुरी ओरडली. चिरका, फाटलेला आवाज. तो कॅमेऱ्यालाही ऐकू गेला.

"तोडा," बाई म्हणाल्या.

हातोडी स्वयंपाकघरात सापडली. मी कुलूप धरलं, भावाने घाव घातले, त्यातला एक माझ्या अंगठ्यावर बसला. दार उघडताच आतून कोंडलेली आंबूस घाण आली आणि एक करडं गाठोडं माझ्या पायाला बोचकारून पाण्याच्या वाटीकडे धावलं. पिऊन झालं की मान वर करायची, परत प्यायची. मी तिथून हललेच नाही.

भाऊ खोलीच्या मध्यभागी उभा होता. भुरीने पलंगावरची गोधडी खाली ओढली होती. त्या खोलीत तिला वाळू नव्हती, तेव्हा जे व्हायचं ते गोधडीवरच झालं होतं.

"ही तेवढी भिजत घालशील का?" त्याने विचारलं.

"मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही. तुमच्या ताईंचा हुकूम आहे."

तो खिडक्या उघडून छापखान्यात परत गेला. गोधडी तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बहिणीचं ऑपरेशन उरकताच, जेलरबाई धावत आल्या. भुरीला छातीशी धरून खोलीच्या दारात थांबल्या. फुटलेलं कुलूप पाहिलं, गोधडी पाहिली.

"अशीच पडू दिलीस? पाण्यात घालायला काय झालं होतं?"

"हात लावू नकोस म्हणाला होतात."

"अक्कल वापरायची असते माणसाने."

"वापरली असती तर पोलीस आले असते. तुम्ही माझ्या आईबापांना काय काय म्हणालात, आठवतंय ना?"

"आणि तू माझ्या सोफ्याला काय म्हणालीस?" त्यांनी भुरीला खाली ठेवलं, गोधडी उचलली आणि न्हाणीघरात जाऊन दार आपटलं. मी बाहेरची किल्ली टेबलावर ठेवली आणि चपला घातल्या. पाणी पडत होतं, मग बंद झालं.

"गेलीस का?"

"निघाले."

"इकडे ये. दुसरं टोक धर. भिजून मणाची झालीय, मला एकटीला पिळवत नाही."

मी चपला काढल्या. एका टोकाला त्या, एका टोकाला मी. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडलेली, बारीक टाक्यांची गोधडी होती. माझा अंगठा ठणकत होता.

"माझ्याच बाजूने पिळतेस! उलट पीळ. पाणी निघणार कसं?" त्यांची नजर माझ्या अंगठ्यावर गेली, थोडी थांबली आणि परत गोधडीवर आली. "पुढच्या महिन्यात बहिणीला परत दाखवायला न्यायचंय. येशील तू."

विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मीही सांगितलं, "येईन. पण आधी भुरी माझ्या हातात द्यायची. मी तिला डोळ्यांनी बघेन, मगच तुम्ही कुलूप लावायचं."

"बोचकारेल ती."

"बोचकारू दे."

"आणि कुलूप कुठून आणू? दोघांनी मिळून फोडलंत ना! नवं आणायला मला वेळ नाही." त्यांनी गोधडीला पीळ घातला. "टोक सोडू नकोस."

"धरलंय, काकू."

"मग ओढ."