तिने चपला काढल्या

मित्रांनो, मी कुस्तीच्या हॉलमधला एक जुना वजनकाटा. आता रद्दीच्या दुकानात असतो, पण माझी उमेदीची वर्षं तिथेच गेली, गाद्यांच्या घामट वासात.

मला घडवणाऱ्या कारागिराने माझी सुई शून्यावर आणली आणि पाठ थोपटून म्हणाला, "जा बाळा, खरं बोल." मी खरं बोलत असे. पोरं माझ्यावर उड्या मारत चढायची. "घोडा झालास की रे!" म्हणून एकमेकांना चिडवायची. वजन वाढलं की खूश व्हायची.

मग नवे सर आले. त्यांची एक युक्ती होती. स्पर्धा जवळ आली की ते माझ्या मागचा स्क्रू गुपचूप पिळायचे. मग मी प्रत्येकाला दोन किलो जास्त दाखवत असे. रिकामी सुई पुढे सरकलेली दिसू नये, म्हणून काचेवर तिथेच चिकटपट्टी लावायचे. "पोरं घाबरली की वजन नीट उतरवतात," ते हॉलच्या मॅनेजरला सांगत. "ऐनवेळी वजनगटाबाहेर जाऊन फजिती नको."

तेव्हा हॉलमध्ये एक शाळकरी मुलगी होती. सगळे तिला चिमणी म्हणत. ही स्पर्धा जिंकली तर तिला क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती.

"काय बाईसाहेब, गालांवर केवढं लोणी चढलंय!" सर म्हणाले. सगळे हसले. तीही हसली.

"सर, सकाळपासून पाणीसुद्धा नाही प्यायले."

"मग थुंक, तेवढंच वजन उतरेल. घे तो डबा आणि थुंकत बस. हवा खाऊन फुगतेस की काय?"

दोन स्वेटरांवर रेनकोट चढवून ती भर उन्हात धावली. तोंडात थुंकी उरेना, तरी डबा धरून बसली. आई जेवणाचा डबा घेऊन आली. "दोन घास खा गं राणी."

"तू माझी वैरीण आहेस का?" ती किंचाळली. मग बाथरूममध्ये जाऊन, आईनेच घातलेली वेणी कात्रीने कापून आली आणि माझ्यावर चढली. सुई आधीच्याच आकड्यावर येऊन थांबली. तिने स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मला हात असते तर तिचे हात धरले असते.

स्पर्धेत दुसऱ्या काट्यावर ती मी दाखवल्यापेक्षा दोन किलो कमी भरली. कुस्ती सुरू झाली आणि समोरचीने हात लावायच्या आधीच ती कोसळली.

बॅग न्यायला आली तेव्हा तिने विचारलं, "सर, म्हणजे मी आधीपासूनच वजनगटात बसत होते?"

"बसत होतीस. मग? जास्त भरली असतीस तर?" सर पाणी पीत म्हणाले. ती गेल्यावर मॅनेजरला म्हणाले, "पोरगी कच्ची निघाली."

पुढे आकडे दाखवणारा नवा काटा आला आणि मी इथे पोचलो. रद्दीवाल्याने पहिल्याच दिवशी स्क्रू सरळ केला. कागदाचं वजन चुकलं तर गिऱ्हाईक भांडतं ना!

परवा चिमणी आईबरोबर आली, हातात वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन.

"ठेव ताई काट्यावर," दुकानदार म्हणाला.

तिने गठ्ठा खाली ठेवला. चपला काढल्या. आखूड केसांतली पिन काढली. सगळा श्वास सोडला आणि डोळे मिटून माझ्यावर उभी राहिली.

"अगं, रद्दी मोजायचीय," आई हळूच म्हणाली. "तुला नाही."

"किती आलं?" तिने डोळे न उघडताच विचारलं.

आई खाली वाकली आणि तिच्या पावलांशी चपला सरळ करून ठेवू लागली.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी ताट सरकवून उठलं, तर त्याला माझ्याकडे पाठवू नका. मला फक्त वजन कळतं. तुम्ही त्याच्याजवळ जाऊन बसा.