काड्यांची बाग

बागा करून देणं हा तिचा धंदा. एकवीस वर्षं ती तेच करत आली होती आणि सगळे तिला बागवाली म्हणूनच ओळखत. तिने लावलेलं झाड मरत नाही, असा तिचा लौकिक होता. त्यात जादू काही नव्हती. रोपं निवडायला ती अख्खा दिवस घालवायची, एवढंच. रोपवाटिकेत शिरली की फुलांकडे ढुंकूनही बघायची नाही. पान उलटं करून कीड शोधायची, खोडाला हळूच नख लावायची, आणि मग कुंडी उपडी करून मातीचा गड्डाच हातात घ्यायची. मुळं पांढरी आणि ताजी दिसली तर रोप घ्यायचं. तपकिरी, बुळबुळीत असली, नाहीतर कुंडीच्या आत गोल गोल वेटोळी घालून बसलेली असली, तर वर कितीही बहर असो, ठेवा परत. तिला फाटकातून येताना पाहिलं की रोपवाटिकावाल्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

थंडी सरत आली होती तेव्हा तिला एका गृहस्थांचा फोन आला. आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढून ते निवृत्त झाले होते. घर गल्लीच्या टोकाला, बैठं, तीन खोल्यांचं. मागचं अंगण म्हणजे नुसती आबाळ. घर बांधतानाचा राडारोडा तसाच दडपलेला, त्यावर चिकणमाती, एका कोपऱ्यात साचलेलं पाणी आणि कपडे वाळत घालायची सैल पडलेली तार. या काकांनी चौकटीच्या कागदावर एक चित्र काढून ठेवलं होतं. रंगीत पेन्सिलींनी, अगदी मन लावून. पण नकाशे काढणाऱ्या माणसाने जसं वरून काढावं, तसं ते नव्हतं. एकाच जागी बसून समोर जे दिसेल, ते काढलं होतं. अगदी पुढ्यात उंच फुलझाडांची दाट रांग, तिच्यावर वेल आणि रांगेमागे काहीच नाही.

"काका, ही बाग आहे की नाटकाचा पडदा?" तिने हसत विचारलं.

काकाही हसले. मागच्या खोलीच्या खिडकीतून असं दिसावं अशी त्यांची इच्छा होती. तिने त्यांना समजावलं, की खिडकीला खेटून उंच झाडं लावली की खोलीत अंधार होतो, ओल धरते. शिवाय बाग फिरायला असते. खिडकीपाशी बुटकी झाडं, मधून वळण घेत जाणारी पायवाट, उंच झाडं आणि वेल पलीकडच्या भिंतीला. पाण्याला उतार द्यायचा, म्हणजे कोपऱ्यातलं डबकं जाईल. काकांनी सगळं ऐकून घेतलं, चित्राची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"लवकर व्हायला हवी पण," ते म्हणाले. "बायको दवाखान्यात आहे. महिन्याभरात घरी येईल. ती येईल तेव्हा फुलं हवीत."

हे तिला नवीन नव्हतं. कुणाच्या मुलीचं लग्न असतं, कुणाचे व्याही येणार असतात. सगळ्यांनाच फुलं उद्या हवी असतात. काकूंचं काहीतरी ऑपरेशन झालं असेल, असं तिने मनाशी धरलं आणि विषय तिथेच सोडला.

रोपं आणायला काका स्वतः बरोबर आले. रोपवाटिकेत शिरल्या शिरल्या ते मोठ्या कुंड्यांच्या मांडणीपुढे थांबले. कमरेएवढी झाडं, फुलांनी नुसती लगडलेली. त्यातली एक गुलाबाची कुंडी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली.

बागवालीने ती त्यांच्याकडून घेतली, उपडी केली आणि मुळं दाखवली. तळाशी काळपट जाळं झालं होतं.

"ही आठ दिवसांची पाहुणी," ती म्हणाली. "घरी नेली की मान टाकणार. ही बघा, वीतभरच आहेत, पण अंगाने निरोगी आहेत. यंदा फारसं काही दिसणार नाही. पुढच्या वर्षी बघाल तुम्ही."

"पुढच्या वर्षी," काका म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, दोन्ही नाही का घेता येणार? चार-सहा मोठी, बाकी तुम्ही म्हणता ती. तिने मान हलवली. मोठ्या झाडांच्या पानांखाली पांढरी माशी बसलेली होती. एकदा अंगणात शिरली की चांगल्या रोपांनाही लागणार. "माझ्यावर सोडा, काका. घाई केली की बाग हातची जाते."

काकांनी कुंडी परत घेतली. फळीवर तिच्या बुडाचं ओलं वर्तुळ उमटलेलं होतं, बरोबर त्यातच ती ठेवली. मग रुमालाने हात पुसले.

"तुम्हाला जास्त कळतं," ते म्हणाले.

काम नऊ दिवस चाललं. तिच्याबरोबर खणायला एक म्हातारा गडी असे. त्याला सगळे मुका म्हणत, कारण त्याचं तोंड दिवसभर बंद म्हणून नसे. त्यांनी राडारोडा उपसला, चिकणमातीत वाळू आणि शेणखत मिसळलं, उतार काढला, पायवाटेला विटा बसवल्या. पाचव्या दिवशी मुक्याने कुदळ टेकवली आणि सांगितलं, की मागच्या खोलीत दवाखान्यातला पलंग आणलाय, दांडा फिरवून वरखाली करायचा तसला. व्हरांड्यात प्राणवायूची नळकांडी पण आहे. "बाई, हे दुखणं साधंसुधं नाही."

"तू खड्डे खण," ती म्हणाली.

त्यानंतर दोन आठवड्यांनी ती रोपं कशी धरलीत हे बघायला गेली. सगळी धरली होती. एकही दगावलं नव्हतं. खूश होऊन ती मागच्या खोलीत डोकावली. काकू घरी आल्या होत्या. पलंग खिडकीला लावलेला, पाठीशी उशा, डोक्याला गुंडाळलेला रुमाल आणि मनगटं काडीसारखी झालेली. पण आवाज खणखणीत होता. तीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती.

"या, बागवाल्या बाई," त्या म्हणाल्या. "तुमचीच वाट बघत होते. आमचे हे मला रोज सकाळी काड्यांची हजेरी घ्यायला लावतात. डाव्या हाताची तिसरी काडी कसली?"

काका चहा ठेवायला आत गेले. बागवालीने उत्साहाने बोट दाखवून सांगायला सुरुवात केली. ती तिसरी जाई, तिच्या शेजारी गुलाब, कोपऱ्यात डाळिंब. पुढच्या वर्षी या दिवसांत ही भिंत दिसणारसुद्धा नाही.

काकूंनी तिचं बोलणं पुरतं होऊ दिलं.

"पुढच्या वर्षी मी नाही हो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सांगितलं नाही वाटतं त्यांनी? डॉक्टर सहा आठवडे म्हणाले होते. त्यातले दोन झाले."

बागवालीचं दाखवायला उचललेलं बोट खाली आलं.

"मला वाटलंच," काकू म्हणाल्या. "ते बोलत नाहीत. लग्न ठरलं तेव्हासुद्धा काही न बोलता राहायच्या खोलीचा नकाशा काढून दिला होता मला. जे सांगायचं ते कागदावर काढतात, आणि समोरच्याने ओळखावं."

बागवाली पलंगाशेजारी खाली बसली. तिचं डोकं काकूंच्या उशीच्या पातळीला आलं आणि तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. तिने खिडकीपाशी लावलेली बुटकी झाडं तिथून दिसतच नव्हती. ती चौकटीखाली गेली होती. पायवाटेचं वळणही नाही. दिसत होती ती पलीकडची भिंत आणि तिला टेकवलेल्या सात-आठ काड्या. काकांनी चित्र या उशीच्या उंचीवरून काढलं होतं. उंच रांग बरोबर चौकटीत आली असती.

"त्यांना काही बोलू नका," काकू हळूच म्हणाल्या. "बाग फार छान झालीय असं मी रोज सांगते त्यांना. तेवढं तरी राहू दे."

काका चहा घेऊन आले. तिघांनी चहा घेतला. कोपऱ्यातलं डबकं गेलं, फार बरं झालं, असं काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोपवाटिका उघडायच्या आत ती दारात उभी होती. आयुष्यभर जी झाडं तिने हातात घेऊन परत ठेवली होती, तीच तिने भराभर उचलली. भरगच्च गुलाब, शेवंती, उंच कर्दळी, नुसती फुलं बघून. एकही कुंडी उपडी केली नाही. तब्येत बरी आहे ना, असं रोपवाटिकावाल्याने विचारलं. टेम्पो भरून ती आणि मुका दुपारी काकांच्या घरी पोचले, तर दाराला कुलूप. शेजारच्या बाईंनी सांगितलं, सकाळी श्वास लागला म्हणून रुग्णवाहिका बोलावली, काकाही बरोबर गेलेत.

मुका म्हणाला, परत नेऊ या का? ती नाही म्हणाली. दोघांनी शेजारणीकडून घरालगतच्या बोळाच्या फाटकाची किल्ली घेतली, खिडकीखाली विटांचा ओटा रचला आणि त्यावर कुंड्या मांडल्या, बरोबर उशीच्या उंचीला. संध्याकाळपर्यंत तिथे फुलांची भिंत उभी राहिली. काकांच्या चित्रात होती तशीच.

काकू पुन्हा घरी आल्या नाहीत. चार दिवसांनी दवाखान्यातच गेल्या. मधे काका कपडे न्यायला एकदा घरी येऊन गेले होते, असं शेजारीण म्हणाली. मागच्या खोलीत गेले, लगेच बाहेर आले.

अंत्यसंस्काराला बागवाली मागे उभी राहिली. काकांजवळ न जाताच ती परतली. आणलेली झाडं पंधरा दिवसांत वाळली. तिने येऊन ती मुकाट्याने उचलली आणि विटा परत बोळात रचून ठेवल्या.

पुढे कामं चालू राहिली, पण पूर्वीसारखी नाही. गिऱ्हाइकाने घाई केली की ती विचारायची, घरात कोण कोण आहे, सगळे बरे आहेत ना. लोकांना ते आगाऊपणाचं वाटे. दोन-तीन कामं त्यामुळे गेली. रोपवाटिकेत ती कुंडी हातात धरून नुसतीच उभी राहायची. मुका म्हणायचा, बाई, घ्या नाहीतर ठेवा.

वर्षाने काकांचा फोन आला. एकदा येऊन जा, एवढंच म्हणाले.

ती गेली. अंगणात पाय ठेवला आणि थबकली. इतकी चांगली बाग तिच्या हातून आजवर झाली नव्हती. जाईने भिंत पार झाकली होती. गुलाब खांद्याएवढे, पायवाटेच्या दोन्ही अंगांना रंग ओसंडत होते आणि मधमाश्यांचा सतत आवाज. मागच्या खोलीच्या खिडकीला जाड पडदा होता.

"काढून टाकायची आहे," काका म्हणाले. "सगळी. फरशी घाला."

तिने सांगून पाहिलं. हवं तर सगळी झाडं ती मुळासकट दुसरीकडे हलवील. थोडी तरी ठेवा. निदान जाई.

काका व्हरांड्याच्या पायरीवर बसले.

"रोपवाटिकेत मी तुम्हाला सांगणारच होतो," ते म्हणाले. "तोंडावर आलं होतं. पण तुम्ही पुढच्या वर्षी म्हणालात, आणि ते ऐकायला इतकं बरं वाटलं. महिनाभर तसं कुणी बोललं नव्हतं माझ्याशी. म्हणून गप्प बसलो."

ती त्यांच्या शेजारी बसली. चूक माझी होती, असं तिने म्हटलं. ते बागेकडे बघत नव्हते.

"लोक येतात आणि म्हणतात, वहिनींना किती आवडलं असतं. दोन महिने मी पाणी घातलं नाही. म्हटलं, आपोआप जाईल. तरी वाढतच राहिली." ते थांबले. "रोपं तुम्ही फार चांगली निवडलीत."

तिने मग वाद घातला नाही. मुक्याला बोलावलं आणि त्याच आठवड्यात बाग काढली. काही झाडं मुका घेऊन गेला, काही शेजारणीने मागितली, डाळिंब कुणालाच नको होतं. जाईचं खोड पहारीने उखडावं लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगण पुन्हा सपाट, तांबूस मातीचं झालं. फरशीसाठी ती मोजमाप घ्यायला लागली, तेव्हा काका घरातून बाहेर आले.

"उतार कुठल्या बाजूला ठेवू?" तिने विचारलं.

"गटाराच्या," काका म्हणाले, आणि टेपचं दुसरं टोक धरायला खाली बसले.