एकेचाळीस पोरं, तीन माणसं

गावात युवक मंडळ असलं की मे महिन्यात उन्हाळी शिबिर हवंच, आणि शिबिर म्हटलं की ते करणार कोण, हा प्रश्न आलाच. मालवणजवळ खाडीच्या तोंडाशी वसलेल्या त्या छोट्या गावातही यंदा हेच झालं. इतकी वर्षं शिबिर सांभाळणारे भाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी गोव्याला मुलाकडे गेले, आणि मंडळाच्या बैठकीत सगळ्यांना एकदम आपापली कामं आठवली. कुणाच्या आंब्याच्या पेट्या भरायच्या होत्या, कुणाच्या घरी पर्यटक उतरणार होते. शेवटी सारिकानं हात वर केला.

सारिका तालुक्याच्या कचेरीत कारकून. लग्न झालेलं, पण मूल नव्हतं. मुलांची हौस मात्र फार. दहा दिवसांची रजा टाकून ती घरी आली आणि त्याच क्षणापासून तिला धास्ती लागली. एकेचाळीस मुलं! कुणी झाडावरून पडलं तर? कुणाला साप चावला तर? ती घरोघर फिरली, अर्धा दिवस तरी मदतीला या म्हणून आयांना विनवलं. सगळ्या हसून म्हणाल्या, की तू आहेस ना, मग आम्हाला काळजी नाही. तिच्याबरोबर उरले दोघंच: मंडळाचा अध्यक्ष यज्ञेश आणि कॉलेजात शिकणारा सर्वेश.

आठ दिवस मात्र दृष्ट लागावी असे गेले. पिंगुळीहून आलेल्या कलावंतानं बाहुल्या नाचवल्या, मुलांनी माडाच्या झावळ्यांचे पंखे विणले, दुपारी शाळेच्या व्हरांड्यात पेजेच्या पंगती बसल्या. सारिका दिवसातून वीस वेळा मुलं मोजायची. सर्वेश तिला हसायचा.

नवव्या दिवशी सहल होती. ओहोटी लागली की खाडीच्या तोंडाशी वाळूचा लांब पट्टा उघडा पडतो. घोटाभर पाण्यातून चालत तिथं जायचं, शिंपले वेचायचे, खेळायचं आणि परत यायचं, अशी शिबिराची जुनी प्रथा. आदल्या दिवशी सारिकानं यज्ञेशला विचारून पाहिलं, की यंदा माणसं कमी आहेत, सहल मैदानावरच केली तर?

यज्ञेश म्हणाला, "सारिकाताय, बारा वर्सां आमी ही सहल करतंव. काय एक होवचा नाय. तू उगाच भियतंस."

'भियतंस' हा शब्द तिला झोंबला. पुन्हा तिनं मैदानाचं नाव काढलं नाही.

सकाळी किनाऱ्यावर हाफिजचाचा आपली होडी धुवत होते. साठी ओलांडलेला, उभा जन्म मासेमारीत काढलेला माणूस. मुलांची रांग बघून त्यांनी सारिकाला बाजूला बोलावलं. पाणी साडेनऊला फिरून भरती लागेल, साडेदहाच्या आत परत या, असं त्यांनी सांगितलं. मग रांगेकडे बघत म्हणाले, "पोरां जास्ती आसत गो, आणि माणसां कमी."

तिलाही नेमकं हेच म्हणायचं होतं. एक शब्द पुरला असता. पण पुढे गेलेला यज्ञेश वळून बघत होता, मुलं ओरडत होती. ती कसनुसं हसली आणि पाण्यात उतरली.

सव्वादहाला तिनं शिट्टी वाजवली. मुलं रांगेत आली. तिनं मोजली. चाळीस.

पुन्हा मोजली. चाळीस. तिसऱ्यांदा मोजताना तिला आकडेच आठवेनात. तेवढ्यात रांगेतली एक मुलगी म्हणाली, "ओवी खंय आसा?"

ओवी आठ वर्षांची. सारिकानं मदतीला विनवलेल्या आयांपैकी आनंदीची एकुलती एक लेक. सर्वेशनं हात केला तिकडे सारिकानं पाहिलं. पट्ट्याच्या पार टोकाला पिवळा फ्रॉक दिसला. फ्रॉकच्या ओच्यात शिंपले भरून ओवी उभी होती, आणि तिच्यामागे-पुढे पाणी होतं. भरतीनं पट्टा मधोमध तोडला होता.

यज्ञेश आणि सर्वेशला बाकीची मुलं किनाऱ्यावर न्यायला सांगून सारिका धावली. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. पायाखालची वाळू सरकत होती. तिला पोहता येत नव्हतं. छातीपर्यंत पाणी आलं तसा प्रवाहानं तिला आडवं ओढलं, नाकातोंडात खारं पाणी गेलं. "ओवी, हलू नको!" ती ओरडत होती, पण वाऱ्यानं तिचा आवाज तिच्याचकडे परत येत होता. आनंदीला काय सांगू? तिच्या डोक्यात एवढंच होतं. आनंदीला काय सांगू?

कुणीतरी तिचा दंड धरला. हाफिजचाचांनी तिला होडीत ओढून घेतलं आणि वल्हं मारत होडी टोकाकडे नेली. ते किनाऱ्यावर बसून सकाळपासून मुलांवर नजर ठेवून होते, हे तिला मागाहून कळलं. ओवीपाशी पोचले तेव्हा पाणी तिच्या पोटाला लागलं होतं. शिंपले कधीच वाहून गेले होते. ती रडतही नव्हती, नुसती थरथरत होती. सारिकानं तिला छातीशी धरलं.

बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. संध्याकाळी पाच वाजता शाळेच्या व्हरांड्यात पालक जमले. बोलणी सुरू झाली. झेपत नव्हतं तर हात कशाला वर केला, असं कुणी म्हणालं. स्वतःला मूल नाही, तिला काय कळणार, असंही कुणीतरी मागून पुटपुटलं. आनंदी ओवीला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मान वर केली नाही.

यज्ञेशकडे बोट दाखवणं सोपं होतं. सारिका उभी राहिली.

"माका पयल्यापासून भिया वाटत होता," ती म्हणाली. "माणसां कमी आसत, ह्या माका दिसत होता. पण भित्री म्हणतले म्हणान मी गप रवलंय. ती माझी चूक."

तेव्हा भिंतीला टेकून उभे असलेले हाफिजचाचा पुढे आले.

"चाळीस वर्सां मी दर्यात जातंय," ते म्हणाले, "आणि आजून रोज भियतंय. भियतंय म्हणान आभाळ बघतंय, वारो बघतंय. ज्यांका भिया नाय होता, ते माझे दोन सोबती परत इले नाय. ह्या बायची चूक एकच, ती बोलली नाय. पण तिका बोलाक दिल्यानी कोणी? आणि एकेचाळीस पोरांची आईबापा सकाळी खंय होती?"

मग आनंदीनं मान वर केली. तिचे डोळे भरले होते.

"तू माझ्या दारात इल्लंस, सारिका. अर्धो दिवस ये म्हटलंस. मी नाय म्हटलं, आणि घरात टीव्ही बघत बसलंय. ओवी माझा चेडू, आणि भिया तुया एकट्यान वाहायचा?"

यज्ञेश उठला. खाली बघत म्हणाला, "ताय, चूक माझी. उद्या तू सांगशीत तसा."

दहाव्या दिवशी शिबिराचा समारोप किनाऱ्यावरच झाला. सारिकानं ठरवलं तसा: चार मुलांमागे एक मोठं माणूस, घोट्याच्या वर पाणी नको. अकरा आयाबाप कामं टाकून आले. आनंदीनं ओवीसकट चौघींचे हात धरले. ओवी आधी पाण्याकडे बघायलाच तयार नव्हती. मग आईच्या पदराआडून तिनं एक पाय लाटेत टाकला, आणि पटकन काढून घेतला, आणि पुन्हा टाकला. सारिकाची धास्ती तशीच होती. पण त्या दिवशी ती तिनं लपवली नाही, आणि कुणी हसलंही नाही.

आपल्या प्रत्येक गावात, प्रत्येक मंडळात अशी एखादी सारिका असते. पुढे येणाऱ्यावर भार टाकून आपण मोकळे होतो, आणि काही बिघडलं की त्यालाच धारेवर धरतो. तिनं धोका बोलून दाखवला तर तिला भित्री म्हणू नका. थांबून ऐका, आणि तिच्या शेजारी जाऊन उभे राहा. मुलं सगळ्या गावाची असतील, तर त्यांची भीतीही सगळ्या गावानं वाटून घ्यायला हवी.