मुदत संपलेल्या गाड्यांचे बाबा

"ढकलत नेली तर चालेल का हो?" हेल्मेट काखेत धरून बाईंनी विचारलं.

"नाही. गाडी सुरू हवी आणि मालकाने स्वतः चालवत नेली पाहिजे," मोठे साहेब म्हणाले. "चालती आली होती, चालतीच बाहेर जाईल. तेही फाटक बंद व्हायच्या आत. नाहीतर उद्या लिलाव."

मी शाळेतून थेट आले होते. दप्तरही पाठीवरच. सीमेवरच्या कस्टमच्या ऑफिसमागे जप्त गाड्यांचं एक आवार आहे. तिथले राखणदार म्हणजे आमचे बाबा. परदेशातून मोटरसायकल घेऊन येणाऱ्यांच्या गाडीलाही एक परवाना मिळतो, मुदतीचा. ती मुदत उलटली की गाडी फाटकात अडते आणि बाबांकडे येते. मालक कागदांसाठी थोडे दिवस धावपळ करतात, मग कंटाळून बस पकडतात. गाडी राहते. तिच्या चाकांतून गवत वर येतं.

म्हणजे, इतर आवारांत येत असेल. आमच्याकडे नाही! दर शनिवारी बाबा एकेक गाडी स्टँडवर घेतात आणि दोन्ही चाकं हाताने फिरवतात. टायर एकाच जागी दबून बसू नयेत, चाकं जाम होऊ नयेत म्हणून. त्यांना हे कुणीही सांगितलेलं नाही. पगारातही धरलेलं नाही. ऑफिसात सगळे त्यांना 'चाकफिरवे' म्हणतात. शाळेत एकीने मलाही चिडवून पाहिलं. मी म्हटलं, "हो, फिरवतात! तुझे बाबा काय फिरवतात, शब्द?" तेव्हापासून ती माझ्याशी फार अदबीने बोलते.

"कशाला करता हो हे?" असं आई दर शनिवारी विचारते. बाबांचं उत्तर ठरलेलं. "मालक आला तर? गाडीने काय तोंड दाखवायचं त्याला?"

इतक्या वर्षांत एकही मालक आला नव्हता. आज पहिल्यांदाच कुणीतरी आलं होतं.

"चूक माझीच," बाई मला आमच्या भाषेत, मोडक्यातोडक्या शब्दांत सांगत होत्या. "इथे मुक्काम लांबला, म्हणून माझा व्हिसा वाढवून घेतला. वाटलं, माझ्याबरोबर गाडीचंही वाढलं. मी तिला माझ्यातच धरलं ना!"

"सगळे तसंच धरतात," बाबा चपलांकडे बघत पुटपुटले. "गाडीचा कागद वेगळा असतो, हे फाटकातच कळतं."

बाई फाटकात अडल्या, त्याच आठवड्यात त्यांच्या घरून आई आजारी असल्याचा निरोप आला. गाडी सोडून बाई विमानाने गेल्या. मग आईचं आजारपण, मग आईचं जाणं, आणि तेव्हापासून वरच्या ऑफिसला अर्जांवर अर्ज. शेवटी दंड भरून एक दिवसाची परवानगी मिळाली. आजचा दिवस.

"आईनेच घेऊन दिली होती," गाडीच्या टाकीवर हात ठेवून त्या म्हणाल्या. "बाईमाणसाने दूर जावं, म्हणाली."

मेकॅनिककाका दुपारपासून घाम गाळत होते. कार्बोरेटर साफ झाला, नवं पेट्रोल पडलं, प्लग बदलला. किक मारून मारून बाई लंगडायला लागल्या, काकांनी मारली, मीही मारली. गाडी नुसती खोकायची आणि गप्प.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "झालं. लिलावात घाला हिला."

बाई हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिल्या.

"साहेब," बाबा म्हणाले, "धक्का मारून बघतो."

"अहो चाकफिरवे, इतकी वर्षं उभी आहे ती! चाकं जाम झाली असतील, ढकलणार काय?"

आणि बाबांनी मान वर केली. "नाही झाली. चाकांचं मी सांगतो ना, साहेब."

त्या ऑफिसात बाबांच्या तोंडून 'मी' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

साहेब काही म्हणायच्या आत मी दप्तर आवाराच्या तोंडाशी मांडलेल्या त्यांच्या टेबलावर आदळलं. "बसा मावशी! दुसरा गिअर टाका!"

मागून बाबा, एका बाजूने मेकॅनिककाका, दुसरीकडे मी. गाडी पहिल्याच रेट्याला अशी सुटली, की काका तोंडावर पडता पडता वाचले.

"अगं बाई, लोणी आहे का काय!" काका ओरडले.

"क्लच सोडा!" बाबा म्हणाले. गाडी खोकली. गप्प. पुन्हा रेटा. पुन्हा खोकली. फाटक अगदी जवळ आलं. आता जागाच उरली नव्हती.

"आता!" बाबा ओरडले. हो, बाबा! ओरडले!

आणि ती सुरू झाली. काय तो आवाज, काय तो धूर! साहेब दिसेनासेच झाले.

"थांबू नका, बंद पडेल!" काका बोंबलले. पण बाहेर जायच्या कागदावर शिक्का कुठे होता? तेव्हा धुरातून आमचे मोठे साहेब, पोट सांभाळत, चक्क धावत आले. बाई हळूहळू पुढे सरकत होत्या. साहेबांनी बाजूने पळत पळत कागद पेट्रोलच्या टाकीवरच टेकवला आणि शिक्का हाणला. जरा तिरकाच बसला, पण बसला. फाटकाचा दांडा वर गेला.

"दादा, येते हो!" बाईंनी मागे वळून हात केला.

"नको, नको!" बाबा हात हलवत म्हणाले. "परत मुदत संपायची!"

साहेबसुद्धा हसले. मग दम खात त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "सुट्टी असली तरी उद्या लिलावाला वेळेवर या," एवढंच म्हणाले. पण 'चाकफिरवे' म्हणाले नाहीत.

मी दप्तर उचलून मागे आले, तर बाबा आवारातच. रिकाम्या जागेत गाडीच्या सावलीने पिवळं पडलेलं गवत होतं, गाडीएवढं लांब. त्याच्याकडे जरा वेळ बघून ते शेजारच्या लाल स्कूटरपाशी वाकले.

"बाबा, उद्या या सगळ्या जाणार ना?"

"हो."

"मग?"

"उद्याचं उद्या. आज शनिवार आहे."

मी दप्तर गवतात ठेवलं आणि पलीकडची मोटरसायकल स्टँडवर चढवली. चाकाला हात लावला. ते अलगद फिरलं.